कागदाचे कान

"ही भट्टी आहे का धर्मशाळा, तेच मला कळेनासं झालंय," बेकरीवाला पाठमोराच पुटपुटला. तो भट्टीच्या तोंडाशी वाकलेला होता, त्यामुळे त्याचं निम्मं बोलणं भट्टीला ऐकू जात होतं आणि निम्मं गल्ल्यापाशी उभ्या असलेल्या बबीला. "पाव निघाले रे निघाले, की आले सगळे डबे घेऊन. कुणाचा केक, कुणाची बिस्किटं. परवा तर एकीनं अख्खी कोंबडी आणली. म्हटलं बाई, उद्या आंघोळीचं पाणीपण आणा तापवायला."

"आमचा ओव्हन दुरुस्त झाला की मी नाही यायची," बबी म्हणाली.

"तुम्हाला नाही हो बोलत मॅडम. तुमचा शनिवारचा एक केक. तो काय जड आहे मला?" त्यानं लांब दांड्याची लाकडी फळी भट्टीत सरकवली. "आज मी पिठात होतो, तर पोरीनंच डबे घेतले सगळ्यांचे. वर मला शिकवते, चिठ्ठ्या लावा, नंबर लावा. मी काय दवाखाना चालवतो? केकचं तोंड बघितलं की सांगतो, कुणाच्या घरचा."

फळीवरून एक गोल डबा बाहेर आला. बेकरीवाल्यानं त्याच्याकडे शाळेत पहिल्या आलेल्या नातवाकडे बघावं तसं बघितलं.

"हा घ्या. चार कागदाचे कान, आणि वर ही फट. असला नमुना गावात दुसरा नाही."

बबीनं आणलेलं फडकं त्यानंच डब्याभोवती गुंडाळलं, वर गाठ मारली आणि पुढच्या गिऱ्हाइकावर करवादायला वळला. बबी गरम गाठोडं पोटाशी धरून घरी निघाली.

बबी सत्तेचाळीस वर्षांची होती. चष्म्याच्या दुकानात तिला सगळे मॅडम म्हणत, कारण गावातल्या निम्म्या लोकांच्या नाकावर काय बसावं आणि कसं बसावं हे तीच ठरवत असे. घरात मात्र ती बबीच राहिली होती. धाकटं कुणी मागून आलं की थोरल्या मुलीचं नाव आपसूक मोठं होतं. हिच्या मागून कुणी आलंच नाही, म्हणून ते पाळण्यातलं नाव केस पांढरे झाले तरी तिला चिकटून होतं. एकुलती एक. लहानपणी हे शब्द तिला दागिन्यासारखे वाटायचे. पुढे कधीतरी त्यांचं ओझं झालं, पण सवयीच्या ओझ्याला कुणी ओझं म्हणत नाही.

एकतिसाव्या वर्षी दुकानाच्या मालकानं तिला दुसऱ्या शहरात नवं दुकान सांभाळायला बोलावलं होतं. राहायला जागा, वाट्याला भागीदारी. ती नाही म्हणाली. "आईबाबांना मी एकटीच आहे," असं तिनं मालकाला सांगितलं आणि संध्याकाळी तेच घरी येऊन सांगितलं. बाबांनी तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. किती भरून आलंय यांना, असं तिला त्या वेळी वाटलं होतं.

केक तसा साधाच. दोन वाट्या मैदा, वाटीभर साखर, लोणी, तीन अंडी, दालचिनी, नखभर मीठ आणि चार आंबट सफरचंदं. कुणीही करील. सकाळी तिनं सफरचंदाच्या पातळ चकत्या केल्या होत्या, एकसारख्या, भिंगासारख्या. हात त्यातच मुरलेला होता. बाकीची कृती कुठल्याही घरातली असती, पण तिच्यात बाबांच्या दोन खोड्या होत्या, आणि त्या खोड्यांमुळेच तो 'आपला' केक होता.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. आयुष्यभर लोकांना वरखाली नेणाऱ्या यंत्रात डोकं घातलेला माणूस केक करायला बसला, तेव्हाही यंत्रासारखाच विचार करू लागला. डब्याच्या तळाला ते कागदाच्या दोन लांब पट्ट्या एकमेकींवर आडव्या घालत. पट्ट्यांची टोकं डब्याच्या काठावरून चार बाजूंना वर येत. ते कान. भाजून झालं की चारही कान धरायचे आणि केक सरळ वर ओढायचा. "माणसाला काय उपडं करून काढतात लिफ्टमधून?" असं ते विचारत. दुसरी खोडी वरच्या सफरचंदांची. चकत्या गोलाकार लावत न्यायच्या, पण मधोमधपासून काठापर्यंत बोटभर रुंदीची एक फट रिकामी सोडायची. ती वाफेची खिडकी. नाहीतर वाफ सफरचंदाखाली कोंडते आणि केक मध्ये ओला राहतो, हे बाबांचं शास्त्र. ते खरं की खोटं, हे बबीनं कधी पडताळून बघितलं नव्हतं.

"आणि हे बाहेर कुणाला सांगायचं नाही," त्यांनी तिला बजावलं होतं. "घरातली गोष्ट आहे." दुकानातल्या बायकांनी कितीदा विचारलं, पण बबीनं ताकास तूर लागू दिली नाही.

आता बाबा एकोणऐंशीचे होते. हात थरथरायचे, म्हणून केक तिच्याकडे आला होता. आज तिनं एकच बदल केला होता. या आठवड्यात बाबांना नवी कवळी बसली होती आणि ती अजून त्यांच्या हिरड्यांशी भांडत होती, म्हणून तिनं अक्रोड घातले नव्हते. अक्रोडाची बरणी फळीवरून खालीसुद्धा काढली नव्हती.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. लिफ्टवाल्याच्या नशिबी जिना, ही त्या घरातली जुनी थट्टा. बबी वर पोचली, तेव्हा आत्या आलेली होतीच. ती दर शनिवारी यायची आणि तिच्या बोलण्याला दम खायची सवय नव्हती.

"आली बघ अन्नपूर्णा! अगं, तुझ्या बापानं कवळी लावल्यापासून बोलणंच सोडलंय. म्हटलं दादा, दात नवे आलेत, जीभ तर जुनीच आहे ना?"

बाबा खिडकीपाशी त्यांच्या खुर्चीत बसून गालातल्या गालात हसले. आईनं टेबलावर चार बशा मांडल्या. चौथी तिची स्वतःची, पण ती नावालाच. केकच्या दिवशी आई तिच्यात एक बिस्कीट ठेवून घ्यायची. "मला नको बाई, आंबट सोसत नाही," हे तिचं वाक्य घरातल्या घड्याळाच्या ठोक्याइतकं ठरलेलं होतं.

बबीनं फडक्याची गाठ सोडली. दालचिनीचा वास खोलीभर झाला.

"चला, बसा लिफ्टमध्ये," बाबा म्हणाले. कवळीमुळे शब्द जरा घरंगळले, पण खेळ चुकवायचा नव्हता. "तळमजला."

बबीनं चारही कान चिमटीत धरले आणि केक उचलला.

"पहिला मजला. दुसरा. सावकाश... दार उघडा."

केक ताटात उतरला. आत्यानं रिकामा डबा उचलून बाजूला ठेवला आणि ठेवता ठेवता परत हातात घेतला.

"घासलास की काय गं? आरशासारखा चमकतोय."

बबीनं डबा बघितला. त्यांचा डबा वापरून वापरून काळवंडलेला होता आणि एका बाजूला त्याला पोचा होता. हा नवा होता, फार तर वर्षभराचा.

"हा आपला नाही."

"मग केक?"

"केक आपलाच आहे." तिनं कान बघितले, खिडकी बघितली. मग तिला सुचलं आणि ती हसली. "बेकरीवाल्या काकांनी आपला डबा पाडला असेल खाली. मग कान धरून केक उचलला आणि दिला दुसऱ्याच डब्यात ठेवून. बोलले नाहीत काही. चाळीस वर्षांचा तोरा आहे ना!"

"बघ, कानांचा उपयोग," आत्या म्हणाली. "काप आता. माझा चहा तुझ्या केकची वाट बघून म्हातारा झाला."

बबीनं सुरी घातली. वरचा पापुद्रा मोडला, सफरचंद सुटलं, आणि मध्येच सुरी कशालातरी अडून कट् असा आवाज झाला. तिनं फोड काढून ताटात आडवी केली. पिवळसर केकमध्ये अक्रोडाचे मोठेमोठे तुकडे होते, सगळीकडे, सढळ हातानं घातलेले.

ती बघत राहिली.

"मी अक्रोड घातले नव्हते," ती म्हणाली.

मग आत्याच बोलली. "घातले असशील गं. आपलं हल्ली असंच होतं. परवा मी चहात मीठ टाकलं आणि वर शेजारणीला दोष दिला, की साखर देताना मीठ दिलंस म्हणून."

"आत्या, मी बरणीच काढली नाही."

"मग दुसऱ्या कुणाचा आला असेल बदलून. आला तर आला! खाऊन टाकू. फुकटच्या केकचे अक्रोड कोण मोजतं?"

"दुसऱ्या कुणाचा?" बबीनं फोडीखालचा कागद चिमटीत वर धरला. "आत्या, याला कान आहेत. खिडकी आहे. हे आपल्याशिवाय कोण करतं?"

आत्यानं आईकडे बघितलं.

माणसाची नजर कुठे जाते हे बघणं हेच बबीचं रोजचं काम. समोरचा माणूस भिंतीवरची अक्षरं वाचतोय की अंदाजानं सांगतोय, हे तिला त्याच्या बुबुळांवरून कळायचं. आत्याची नजर आईकडे गेली. आईची चहाच्या किटलीकडे, आणि ती तिथंच खिळून राहिली. बाबांनी केकवरून नजर उचललीच नाही. तिघंही तीन ठिकाणी बघत होते आणि तरी एकमेकांना अगदी स्वच्छ बघत होते. त्या खोलीत आपणच तेवढे बाहेरचे आहोत, असं बबीला क्षणभर वाटलं. आणि मग तो क्षण सरेचना.

बाबांनी हात पुढे केला. "दे."

"बाबा, अक्रोड आहेत. कवळीला लागतील."

"दे म्हटलं ना."

तिनं फोड बशीत घालून दिली. त्यांनी बोटांनीच तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावू लागले. दुखत असावं, कारण डावा डोळा बारीक झाला होता. पण ते थांबले नाहीत. दुसरा तुकडा मोडला. बशी त्यांच्या हातात किणकिण वाजत होती.

"अजून अक्रोड भाजून घेत नाही," ते पुटपुटले. "किती वेळा सांगितलं."

"कोण?" बबीनं विचारलं.

आत्याच्या हातातला चमचा बशीवर पडला. त्या एवढ्याशा आवाजानं सगळे दचकले. बाबांनी वर बघितलं. आपण मोठ्यानं बोललो हे त्यांना आत्ता कळलं होतं.

"कोण भाजून घेत नाही, बाबा?"

"चहा गार होतोय," आई म्हणाली.

बबीच्या हातात सुरी तशीच होती. ती तिनं टेबलावर ठेवली, मग उगीचच सरळ केली.

"हा केक तुम्ही कुणाकडून शिकलात?"

हा प्रश्न तिनं लहानपणी शंभरदा विचारला होता आणि त्याचं उत्तर ठरलेलं होतं. तिकडे, इस्पितळात. बाबा बावीस वर्षं दर महिन्याला तीन दिवस तिकडच्या गावी जायचे. तिथल्या मोठ्या इस्पितळाच्या तीन लिफ्ट त्यांच्याकडे होत्या. छोट्या बबीला वाटायचं, इस्पितळातली म्हणजे त्या लिफ्टही आजारीच असणार, म्हणून बाबांना जावं लागतं. त्या गावाला घरात नाव नव्हतं. 'तिकडे' म्हटलं की पुरे. "दादाची ती तिकडची लिफ्ट फार नाजूक हो," असं आत्या कधीतरी हसत म्हणायची, आणि आई तेवढ्यात काहीतरी आणायला आत जायची. काय आणायला, ते बबीला आठवेना. आई परत यायची ती रिकाम्या हातांनीच.

"तिकडे," बाबा म्हणाले. "इस्पितळात."

"इस्पितळात कुणाकडून?"

"स्वयंपाकघरात... होती एक."

"दादा, गोळी घेतलीस का रे दुपारची?" आत्या घाईघाईनं म्हणाली. "वहिनी, याची ती पिवळी गोळी कुठाय? आणि बबी, पंखा लाव गं जरा, काय उकडतंय!"

पंखा चालूच होता. त्याच्या वाऱ्यानं केकचा एक कान हलत होता.

बबीनं आईच्या बशीकडे बघितलं. बिस्कीट. लिंबाची फोड मिठाला लावून चोखणारी ही बाई. कच्ची करवंदं दिसली की लहान पोरीसारखी हात पुढे करणारी. आंबट सोसत नाही. चाळीस वर्षांत आईनं या केकचा एक घास घेतला नव्हता, आणि आंबट कशाला म्हणायचं हे बबीला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं. आपल्या घरची गोष्ट म्हणून जी तिनं दुकानातल्या बायकांपासून राखली होती, ती मुळात दुसऱ्याच घरून आली होती. आईनं त्या केकसाठी दर शनिवारी बशा मांडल्या होत्या, पुसून, कोरड्या करून.

"आई," ती म्हणाली.

आईनं तिच्याकडे बघितलं आणि किटली पुन्हा उचलली. कप भरलेला होता. तिनं किटली होती तिथं ठेवली.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

आत्या इतकी सुटकेनं उठली की खुर्ची मागे कोलमडली. पण बबी दाराच्या जवळ होती. तीच गेली.

दारात एक बाई उभी होती. चाळिशीच्या आतबाहेरची, साधे सुती कपडे, खांद्याला लांब पट्ट्याची पिशवी, बोटांना खडूची पांढुरकी कड. दोन जिने चढून आल्यामुळे तिला धाप लागली होती. तिच्या दोन्ही हातांत ब्राऊन पेपरमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि कागदातून काळवंडलेल्या डब्याचा पोचा आलेला काठ दिसत होता.

"बेकरीत अदलाबदल झाली बहुतेक," ती म्हणाली. "हा तुमचा."

बबीनं डबा घेतला. आतला केक जसाच्या तसा होता, चारही कान ताठ.

"मी कापला नाही," बाई म्हणाली. "बघितल्यावर कापवेना."

"आम्ही... तुमचा कापला आम्ही."

"असू दे."

दोघी तिथंच उभ्या राहिल्या. बाईचा चष्मा डावीकडे कलला होता. तिनं तो बोटानं वर सारला, आणि हात खाली येईपर्यंत तो पुन्हा डावीकडे घसरला. बबीला हे घसरणं पाठ होतं. उजवीकडून सरळ उतरणारं आणि डावीकडे, हाडाच्या खाली, बोटाच्या पेरानं दाबल्यासारखं बसकं झालेलं नाक. असलं नाक तिनं एवढ्या वर्षांत एकच बघितलं होतं. त्या नाकासाठी ती दर नव्या चष्म्याची नाकावर टेकणारी डावी पट्टी स्वतःच्या हातानं आत वाकवून द्यायची, आणि ते नाक आत्ता आतल्या खोलीत खिडकीपाशी बसलं होतं.

तिचा उजवा हात आपोआप वर उचलला गेला. चष्म्यापासून वीतभर अंतरावर तो थांबला, आणि त्याचं काय करावं हे तिला कळेना.

"डावी पट्टी आत वाकवून घ्यायला हवी," ती म्हणाली. आवाज दुकानातला होता, कोरडा आणि अदबशीर. तो कुठून आला, देव जाणे.

"सगळे चष्मेवाले तेच सांगतात. नाकच तसं आहे माझं."

"हो," बबी म्हणाली. मग काहीतरी विचारायला हवं म्हणून तिनं विचारलं, "पत्ता बेकरीवाल्यानं दिला का?"

बाईनं खाली बघितलं. रिकामे हात कुठे ठेवावेत हे न सुचून तिनं पिशवीचा पट्टा धरला.

"नाही. पत्ता होता माझ्याकडे."

जिन्यात खालच्या मजल्यावर कुणीतरी दार लावून घेतलं.

"आईच्या कागदांत होता," बाई म्हणाली. ती आता घाईनं बोलत होती, आधी पाठ केलेलं बोलायचं आणि विसरायच्या आत संपवायचं अशी. "आई गेली यंदा. मग मी बदली मागून घेतली, पुलाकडच्या शाळेत. तीन महिने झाले. दोनदा येऊन गेले मी या जिन्यापर्यंत. पण रिकाम्या हातांनी येऊन काय सांगायचं? आज म्हटलं, निदान डबा तरी आहे हातात."

बबीच्या मनात काहीच येईना. राग नाही, दया नाही, काही नाही. फक्त एवढं दिसत होतं, की या बाईनं तीन महिने आपल्यासारखीच सफरचंदं आणली असणार, बाजारात त्याच गाड्यावरून, आणि शेजारी उभं राहून दोघींनी ती दाबूनसुद्धा बघितली असतील.

"कोण आहे गं?" आतून आत्याचा आवाज आला. "काही विकायला आलं असेल तर नको म्हणून सांग!"

मागोमाग आत्या स्वतःच आली. तिनं बबीच्या खांद्यावरून डोकावून बघितलं आणि तिथंच उभी राहिली. जन्मभर जिला शब्द कमी पडले नाहीत, तिच्या तोंडून नुसता श्वास निघाला. आणि मग, नळ एकदम सुटावा तसे ते सगळे शब्द आले.

"अगबाई, डबा आणला होय! किती चांगलं केलंत. बबी, बघत काय राहिलीस, आपला डबा मिळाला ना? त्यांचा आण धुऊन, दे त्यांना, उशीर होत असेल. शनिवारचं प्रत्येकाला काही ना काही काम असतं. म्हणजे चुकून झालं हो सगळं, त्या बेकरीवाल्याला मेल्याला दिसत नाही धड. त्याला आमच्या बबीकडे पाठवायला हवा एकदा—"

"हो," बाई म्हणाली. "निघते मी. डब्याची घाई नाही." ती वळली. एक पाऊल खालच्या पायरीवर गेलं, हात कठड्यावर गेला.

बबीला हाक मारायची होती. पण कुठल्या नावानं मारायची? ती नुसती डबा छातीशी धरून उभी राहिली. डबा अजून कोमट होता.

मागून पदराला हात पुसण्याचा आवाज आला. आई हलकेच चालायची, घरात असून नसल्यासारखी. पण आत्ता तिनं आत्याच्या दंडाला धरून तिला बाजूला केलं, आणि आत्या मुकाट बाजूला झाली. आई उंबऱ्यापाशी आली. जिन्यातल्या अर्धवट उजेडात तिनं त्या बाईकडे बघितलं. आधी पायांकडे, मग खडूच्या बोटांकडे, मग सगळ्यात शेवटी चेहऱ्याकडे. एवढा वेळ तिनं कुणाकडेच बघितलेलं बबीला आठवत नव्हतं.

आतून बाबांनी विचारलं, "कोण आलंय?" आवाज बारीक होता, चिरकलेला.

बाईनं कठडा घट्ट धरला. तिनं तो आवाज ओळखला होता, हे तिच्या पाठीवरूनच दिसत होतं.

"जिन्यात कशाला उभी राहतेस?" आई म्हणाली. "आत ये. तुझे बाबा आत बसलेत."